सिदू मगदूमचा दम

"कबड्डी म्हण."

"म्हंतोय की, सायेब."

"पुटपुटू नकोस. मोठ्यानं म्हण. चढाईला निघालायस असं समज."

सिदू मगदूमनं मांडीवर थाप मारली, चिमूटभर माती कपाळाला लावली, छाती भरून घेतली आणि माझ्या अंगावर झेपावत सुरू झाला, "कबड्डी-कबड्डी-कबड्डी-कब-हुतूतूतूतूतूतू..."

मी हातातली हजेरीची वही मातीत आपटली.

"अरे, काय हे! तासभर काय सांगतोय मी तुला?"

"कबड्डी म्हनायचं."

"आणि तू काय म्हणालास?"

सिदूनं खरोखर आठवून बघितलं. आठवेना, तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या इब्राहीमला विचारलं, "काय म्हनलो रं?"

इब्राहीम शिकलगार आमचा कप्तान. तो हनुवटी खाजवत म्हणाला, "तेच की. दुसरं काय?"

"आयला," सिदू म्हणाला. "मला वाटलं, या टायमाला बराब्बर गेलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. गिरणीच्या मागं, कापसाच्या गोदामाजवळच्या त्या मैदानात दुपारच्या उन्हात उभं राहून मी एका बाप्याला तीन अक्षरं शिकवत होतो. मॅट्रिकला संस्कृतात सत्तर गुण मिळवले होते ते याचसाठी का, असं मनात आलं.

एकोणसाठ सालचा हिवाळा होता तो. मी आमच्या गावच्या सूत गिरणीत, म्हणजे सगळे जिला नुसतं मोठी गिरणी म्हणायचे तिथं, हजेरी कारकून होतो. वय सत्तावीस. मला खेळाचं काडीचं वेड नव्हतं. पण मालकांच्या डोक्यात आलं की आपला कबड्डीचा संघ हवा, आणि तोही पगारी. तोवर आमच्या भागात कोणी पगार घेऊन खेळल्याचं ऐकिवात नव्हतं. जिंकलं की नारळ आणि फेटा, हरलं की गावकऱ्यांच्या शिव्या, एवढीच कमाई. आमच्या बारा जणांना मात्र दुपारी दोननंतर काम माफ, सराव करायचा आणि दिवसाची मजुरी पूर्ण धरायची. बाजारात लोक हसायचे. "खेळायचा पगार घेता? मग जेवायचा बी मागून घ्या की!"

मॅनेजर धोंडे साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "उपळेकर, संघाचे व्यवस्थापक तुम्ही."

"साहेब, मला कबड्डीतलं काही कळत नाही."

"तुमचा आवाज मोठा आहे. तेवढं पुरे."

आवाज मोठा होता हे खरं. कामगार माझ्या पाठीमागं मला भोंगा म्हणायचे, ते मला ठाऊक होतं.

मग मी कारकून माणूस जे करतो ते केलं, नियमांचं पुस्तक पाठ केलं. ज्या ढालीसाठी आम्ही उतरणार होतो तिचे नियम त्याच वर्षी नवे झाले होते. आधी ज्या गावात जो शब्द चालेल तो घेऊन चढाई करायचे. आमच्याकडं हुतूतू. आता सगळ्यांना एकच शब्द, कबड्डी. दुसरा कुठलाही शब्द तोंडातून आला की चढाई फुकट आणि वर समोरच्यांना एक गुण. पकडीत सापडलेला असताना चुकला तर सरळ बाद. बाकीच्या अकरा पोरांना हे दोन दिवसांत जमलं. सिदूला जमेना. आणि आमच्या संघात चढाई करावी तर सिदूनंच. नुसता हाडकुळा माणूस, पण समोरच्या अंगणात शिरला की कुठून कुठं जाई, दिसायचंच नाही.

धोंडे साहेबांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "ढाल आणलीत, तर संघातले सगळे बदली कामगार कायम. नाही आणलीत, तर संघ मोडला, आणि तुम्ही पुन्हा गेटवर."

गेटवर म्हणजे काय, ते मला रोज सकाळी दिसायचं. पावणेसातचा भोंगा झाला की बदलीवाले डबा घेऊन गेटबाहेर उभे राहायचे. आत जितके गैरहजर, तितके पितळी बिल्ले घेऊन मी बाहेर यायचो आणि नावं पुकारायचो. ज्याला बिल्ला मिळाला तो आत, बाकीचे भरला डबा घेऊन घरी. सिदू अकरा वर्षं तिथं उभा होता. टोपी हातात घेऊन, नेहमी पुढच्या रांगेत. मी पुकारायच्या आधीच माझ्या तोंडाकडं बघून त्याला कळायचं, की आज नाव आहे की नाही. किती सकाळी मीच त्याला परत पाठवला असेन, त्याची मोजदाद नाही.

बाकीची पोरं विशी-बाविशीची होती, त्यांना पुढं वर्षं पडली होती. पण पस्तिशी उलटलेल्याला कायम करायचं नाही, असा आमच्या गिरणीचा दंडक होता. सिदूची पस्तिशी चैत्रात भरत होती. ढालीचा शेवटचा सामना फाल्गुनात.

"तुला कळतंय का मगदूम, हे काय चाललंय ते?" मी त्या दुपारी विचारलं. "तुझ्याच पोटाचा प्रश्न आहे. माझ्या नाही."

"कळतंय सायेब. पन त्यो शबुद वंगाळ हाय."

"शब्दानं तुझं काय घोडं मारलंय?"

"तुमी म्हनून बघा. क, मग ब. ब म्हनताना व्हट मिटतो. व्हट मिटला की दम आडतो. दर टायमाला आडतो. हुतूतूला व्हट उघडाच ऱ्हातो, वारं निसतं वहात जातं. माझ्या बानं शिकिवलंय. पकडीत सापडलो, छातीवर चौघं बसलं, तरी हुतूतू थांबत न्हाई. कबड्डी थांबती."

मी चिडून म्हणून बघितलं. कबड्डी-कबड्डी-कबड्डी. ओठ मिटत होता खरा. त्याचं म्हणणं बरोबर निघाल्यामुळं मला आणखीनच राग आला.

"नियमात वाऱ्याचं काही लिहिलेलं नाही," मी ओरडलो. "मिटू दे ओठ! मिटवायला शीक!"

पहिल्या सामन्यात तो तीनदा चुकला. तीन गुण आम्ही समोरच्यांना ताटात वाढून दिले आणि कसेबसे एका गुणानं जिंकलो. दुसऱ्यात दोनदा. पंचांची शिट्टी वाजली की सिदू आपला जीभ चावून, कान पकडून परत यायचा आणि मी रेषेबाहेर उभा राहून केस उपटायचो. तोंडाला येईल ते मी त्याला बोललो. गाढव म्हणालो, दगड म्हणालो. एकदा तर म्हणालो, "तुझ्यापेक्षा पिंजऱ्यातला राघू बरा, त्याला दोनदा सांगितलं की येतं." त्यानं कधी उलट उत्तर दिलं नाही. उलट उत्तर देणाऱ्यावर चिडणं सोपं असतं. हा माणूस मान हलवून "चुकलंच की" म्हणायचा, मग मी काय करणार!

शेवटी मी त्याचं काम सूत कातायच्या रिंग खात्यात लावलं. तिथं गरगर फिरणाऱ्या चात्यांचा असा आवाज असतो की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. तिथले कामगार ओठांवरून बोलणं वाचतात. हजेरी घ्यायला रोज जाऊन जाऊन मलाही ते जमायला लागलं होतं. मी सिदूला फर्मावलं, की तुटलेला धागा जोडताना कबड्डी म्हणायचं, एक धागा एक कबड्डी. मी खात्याच्या दारात उभा राहून त्याचे ओठ बघायचो. ओठ मिटले की ठीक. नाही मिटले की मी तिथूनच हात नाचवायचो.

घरी जाऊन त्याच्या बायकोलाही सांगून आलो. कलाक्का चुलीपुढं बसली होती. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी त्यांनी कबड्डी म्हनल्याबिगर भाकरी वाढायची न्हाई?"

"बरोबर."

"आन त्ये शेवटच्या सामन्यात चुकलं तर?"

"तर तो चैत्रात पुन्हा गेटवर उभा राहील. आणि मग मरेपर्यंत उभा राहील."

तिनं भाकरी उलटली. "मग मी बी बगती, कसं म्हनत न्हाईत ते," ती म्हणाली.

आणि जमलं! संक्रांतीनंतर सिदूच्या तोंडात कबड्डी बसली. इतकी बसली, की सकाळी हजेरीला मी नाव पुकारलं तर तो "हजर"च्या जागी "कबड्डी" म्हणायचा आणि सगळी रांग फिदीफिदी हसायची. एकामागून एक सहा सामने आम्ही मारले. बाजारात हसणारे लोक आता आमच्या पोरांना चहा पाजू लागले. पगारी संघ, पगारी संघ म्हणून पंचक्रोशीत नाव झालं. गिरणीतल्या हलगीवाल्यांचा ताफा आमच्याबरोबर बैलगाडीतून प्रत्येक सामन्याला यायचा. मी त्यांना खूण ठरवून दिली होती, मी हात वर केला की वाजवायचं, खाली केला की थांबायचं. नाहीतर ते सामना संपून घरी जायची वेळ झाली तरी थांबायचे नाहीत, आणि माझं डोकं दुखायचं.

उपांत्य सामना आटोपल्यावर इब्राहीमनं मला बाजूला घेतलं.

"साहेब, एक सांगू? चिडणार नसाल तर."

"चिडणार. सांग."

"सिदू नुसता फिरत असला की कबड्डीच म्हणतो. पण आज डाव्या कोपऱ्यात त्याला पकडला होता बघा, तवा मी जवळ होतो. जीव कासावीस झाला की त्याच्या तोंडून हुतूतूच येतंय. आज सुटला म्हणून बरं झालं."

"मग पकडू द्यायचाच नाही त्याला!"

"कबड्डीत, साहेब?" इब्राहीम म्हणाला. "पकडू द्यायचा नाही?"

शेवटचा सामना मिरजेला होता, संध्याकाळी साडेचारला. समोर तेल गिरणीचा संघ. आमचं बघून त्यांच्या मालकानंही त्याच वर्षी पगारी माणसं घेतली होती. त्यांचा मल्हारी सनदे नावाचा एक पकडवाला होता, तेवीस-चोवीस वर्षांचा, मनगटं नांगराच्या रुमण्यासारखी. तो घोटा धरायचा. एकदा दोन्ही हातांत घोटा आला की सोडायचा नाही. माणसं झाडांवर चढून बसली होती. कलाक्का तिन्ही पोरांना घेऊन बायकांच्या बाजूला आली होती. धोंडे साहेब खुर्चीवर, शेजारी टेबलावर ढाल.

सामना मी वर्णन करून सांगणार नाही, माझ्याच्यानं ते होत नाही. शेवटची एकच चढाई उरली तेव्हा दोघांचे एकवीस-एकवीस झाले होते आणि ती चढाई आमची होती. इब्राहीमनं सिदूच्या पाठीवर हात ठेवला. मी रेषेबाहेरून ओरडलो, "मगदूम! ओठ!"

त्यानं मान हलवली. मांडीवर थाप, कपाळाला माती. कबड्डी-कबड्डी-कबड्डी. अगदी स्वच्छ, मला तिथवर ऐकू येत होतं. उजवीकडं गेला, कोपऱ्यातल्या माणसाच्या खांद्याला बोट लावलं, वळला. एवढ्यात मल्हारी सनदेनं जमिनीवर अंग टाकून त्याचा डावा घोटा धरला.

सिदू तोंडावर पडला. वरून दोघं आले, मग आणखी एक. मध्यरेषा हातभर लांब होती. सिदू मातीत नखं रोवून पुढं सरकायला लागला. त्याचं तोंड माझ्या बाजूला होतं. मी उभा होतो तिथून पाच-सहा पावलांवर. पंच धावत येऊन वाकले, कान खाली केला. मी हात वर केला. हलगी कडाडली, असा कल्लोळ उठला की शेजारचा माणूस काय बोलतोय ते कळेना. सिदू बोटाबोटानं सरकत होता, डोळे माझ्याकडं लागलेले, तोंड हलत होतं. आणि मग त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट रेषेवर पडलं. पंचांनी शिट्टी फुंकली आणि हात आमच्या बाजूला केला.

पुढं काय झालं ते सांगता येत नाही, कारण मला कोणीतरी उचलून घेतलं होतं. खाली उतरलो तेव्हा मल्हारी सनदे पंचांसमोर उभा राहून ओरडत होता.

"हुतूतू म्हनत हुता त्यो! माझा कान त्येच्या तोंडापाशी हुता! इचारा की त्येला!"

पंच म्हणाले, "दम तुटलेला मला ऐकू आला नाही. निकाल झाला."

"ऐकू कसं यील? त्या हलगीत काय ऐकू यील? त्येला इचारा!"

पंच वळून चालायला लागले. मल्हारीनं त्यांचा सदरा धरून मागं ओढला. सदरा खांद्यावर फाटला. मग त्याला चार माणसांनी धरून बाहेर काढलं, आणि तो जाईपर्यंत ओरडत होता, त्याला विचारा, त्याला विचारा.

सिदू पंचांकडं निघाला होता. मी त्याला दंडाला धरून आमच्या तंबूत ओढत नेला. इब्राहीमही आत आला.

"सायेब," सिदू म्हणाला. त्याच्या तोंडात माती होती. "मी हुतूतू म्हनलो."

"गप्प."

"खरंच म्हनलो. त्यो सनदे खरं बोलतोय. तुमी माझं व्हट बगितलं न्हाई का? तुमी बगत हुता."

मी ओठ बघितले होते. एकदाही मिटले नव्हते. रिंग खात्यातल्या माणसाला चुकणार नाही इतकं ते स्वच्छ होतं. इब्राहीमही रिंग खात्यातलाच. मी त्याच्याकडं बघितलं तर तो तंबूची दोरी सोडवत बसला होता.

"तू काही म्हणाला नाहीस," मी सांगितलं. "पंचांनी गुण दिला. संपलं."

"पन त्येला बाहीर काडला, सायेब. मी जाऊन सांगतो."

माझा स्फोट झाला. चार महिने साठलेलं सगळं बाहेर पडलं. "अरे मूर्खा! चार महिने तुझ्यापुढं डोकं फोडलं, तेव्हा योग्य वेळी तोंडातून योग्य शब्द निघाला नाही, आणि आता कंठ फुटला होय? बाहेर पोरं नाचतायत, त्यांनाही गेटवर उभं करायचंय? ती बायको तिकडं रडतेय आनंदानं, तिला काय सांगणार आहेस? चैत्र किती दिवसांवर आलाय, माहीत आहे? कायमचा बिल्ला पाहिजे की नको?"

त्यानं तंबूच्या दारातून बायकांच्या बाजूला बघितलं.

"मग तोंड मीट," मी म्हणालो. "आयुष्यात एकदा तरी मी सांगतो ते कर. तोंड मीट."

सिदूनं तोंड मिटलं. माती गिळलेली मला दिसली.

ढाल आली. गिरणीत पेढे वाटले. बाराही जण चैत्राच्या आत कायम झाले, सिदूचा कागद तर मी स्वतः टंकून सहीला नेला. धोंडे साहेबांच्या कचेरीत संघाचा फोटो लागला आणि त्याखाली 'पहिले ऐतिहासिक विजयी वर्ष' असं लिहिलं, ते शब्दही माझेच. मल्हारी सनदेला पंचांच्या अंगावर हात टाकल्याबद्दल दोन वर्षं खेळायला बंदी झाली. त्याला खेळण्यासाठीच ठेवलेला. खेळ गेला, तसं आठवड्याभरात तेल गिरणीनं त्याला काढलं. हे मला कळलं होतं. त्याला दुसरीकडं काम मिळेल, तरुण आहे, असं मी मनाशी म्हणालो आणि विषय संपवला.

सिदू पुढच्या हंगामात उतरला नाही. गुडघा दुखतोय म्हणाला. चांगला तुरुतुरु चालत होता. मी एकदा चिडून म्हणालो, "मगदूम, तुझ्यासाठी एवढं केलं, आणि तुझी ही नाटकं?" तो वळून चालायला लागला. तिथून पुढं तो माझ्याशी बोललाच नाही. रोज सकाळी नाव पुकारलं की "हजर" म्हणायचा, ओठ फार न हलवता. तेवीस वर्षं, रोज एक शब्द. मला त्या माणसाचा भयंकर राग यायचा. उपकाराची जाण नाही, असं मी घरी बायकोपाशी कितीदा बोललो असेन. तिनं एकदा विचारलं, "मग तुम्हाला त्याचं एवढं का लागतं?" मी ताटावरून उठलो.

त्र्याऐंशी साली तो सेवानिवृत्त झाला. गिरणीच्या सभागृहात निरोपाचा कार्यक्रम होता, दुपारी, पाळी सुटल्यावर. ढालीच्या संघातला पहिलाच माणूस निवृत्त होत होता म्हणून गर्दी होती. मी तोवर टाइम ऑफिसचा प्रमुख झालो होतो, व्यासपीठावर खुर्ची होती. खिशात भाषणाचा कागद होता. पहिल्या रांगेत कलाक्का बसली होती, आणि तिच्या शेजारी एक जाडजूड, टक्कल पडलेला माणूस. मला वाटलं, तिचा भाऊ असेल.

हार झाले, शाल झाली. सिदूला माइकसमोर उभं केलं. तो अजून तसाच हाडकुळा.

"मला भाषान येत न्हाई," तो म्हणाला. "मला येकच येतं, ते करून दावतो."

लोक हसले. सिदू माझ्याकडं वळला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं नीट बघितलं.

"सायेब, आज हलगी न्हाई," तो म्हणाला. "तोंड उघडू का?"

लोक पुन्हा हसले, त्यांना ती गंमत वाटली. मी मान हलवली.

सिदूनं मांडीवर थाप मारली. वाकून व्यासपीठाच्या फळीला हात लावला, तो कपाळाला लावला, छाती भरून घेतली. "हुतूतूतूतूतूतू..."

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण काय तो दम! सभागृहात टाळ्यांचा ठेका सुरू झाला. एवढ्यात पहिल्या रांगेतला तो टक्कल पडलेला माणूस उठला. गुडघ्यावर हात देत तीन पायऱ्या चढला आणि सिदूसमोर वाकला. "वा, वा, नमस्कार करतोय!" कोणीतरी म्हणालं. त्यानं नमस्कार केला नाही. त्यानं दोन्ही हातांनी सिदूचा डावा घोटा धरला. ती मनगटं बघितली आणि मी ओळखलं.

सिदू थांबला नाही. घोटा त्याच्या हातात, तोंड उघडं, आणि सभागृहभर ते हुतूतू. टाळ्या हळूहळू थांबल्या. लोक एकमेकांकडं बघायला लागले. आवाज बारीक होत गेला, मग नुसता वारा, मग तोही संपला.

"बाद," सिदू माइकमध्ये म्हणाला. "पंचांला ऐकू गेलं न्हवतं. मी बाद हुतो."

मल्हारी सनदे खालीच बसून राहिला. घोटा सोडला नाही त्यानं. कपाळ सिदूच्या पायाला टेकवून तो रडत होता. सिदू त्याच्या टकलावरून हात फिरवत होता. निवेदकाला काही कळलं नाही. तो घाईघाईनं म्हणाला, "आता त्या ऐतिहासिक वर्षाचे व्यवस्थापक, उपळेकर साहेब, दोन शब्द बोलतील."

मी उठलो. कागद काढला आणि पुन्हा खिशात घातला. मला सगळे भोंगा म्हणायचे, पण आवाज पुटपुटल्यासारखा निघाला.

"ती हलगी," मी म्हणालो, "मी वाजवायला लावली होती. मला त्याचे ओठ दिसत होते."

माइकपासून मी लांब उभा होतो. मागच्या रांगांतून "काय? काय?" असं झालं. सिदू बाजूला सरकला आणि माइक त्यानं माझ्याकडं वळवला.

"मोठ्यानं म्हना, सायेब," तो म्हणाला.

मी मोठ्यानं म्हणालो.